लज्जांक साठ

प्रफुल्ल ढोबळेचा लज्जांक चार आला तेव्हा पालिकेच्या मुजावर मॅडमनी यंत्राच्या भिंगावरची धूळ पुसली, त्याला पुन्हा स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "परत सांगा. नीट भिंगाकडे बघून."

"मी प्रफुल्ल ढोबळे. मला घरभाडं भरता येत नाही," प्रफुल्ल म्हणाला. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, शेवटच्या शब्दावर हलकासा हेलकावा. आणि मग तो थांबला. टाळ्यांसाठी थांबायची सवयच होती त्याला.

पडद्यावर तीन आला.

"कमी झाला," मुजावर मॅडम म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा सांगताना जरा मोकळं वाटलं."

"जरा हळू बोला. बाहेर पेशंट आहेत."

करंजपुरात तेव्हा मोठ्याने बोलायला बंदी होती. साथ आली होती ती कानांची. तिचं शास्त्रीय नाव अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं, गाडीच्या नंबरसारखं होतं. लोक तिला किणकिण म्हणत. विषाणू आतल्या कानात घर करायचा, आणि मग कितीतरी आठवडे माणसाला साधा चमचा पडला तरी डोक्यात घण घातल्यासारखं व्हायचं. त्यामुळे हॉर्न गेले, भोंगे गेले, देवळातल्या घंटांच्या लोलकांना फडकी बांधली गेली, कुकरच्या शिट्ट्या पालिकेने जमा करून नेल्या. शहरभर डाळ अर्धी कच्ची शिजत होती आणि भांडणं कुजबुजत होत होती.

लग्नं होत होती, पण मुकाट. आणि प्रफुल्ल होता लग्नांचा निवेदक. हातात माइक, अंगात जरीचा कोट, "आता वधूपक्षाकडून येत आहेत आपले सर्वांचे लाडके मामा" असं सांगणारा. एकदा त्याने वरमाला पडेपर्यंत नवऱ्या मुलाचं नाव चुकीचं घेतलं होतं. नंतर कळल्यावर, "मुलाचं हे लाडाचं नाव आहे, आजपासून सुरू," असं सांगून त्याने टाळ्या घेतल्या. अशा माणसाच्या गालांत रक्त चढायचं कधीच बंद झालेलं असतं.

"साठ लागतात," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तुमचे तीन आहेत. गेल्या आठवड्यात एक बिल्डर आला होता, स्वतःच्याच फ्लॅटचा भाडेकरू म्हणून. त्याचे अकरा आले."

या बिल्डरसारख्यांमुळेच तर यंत्र आलं होतं. साथीत भाडं थकून घराबाहेर पडायची वेळ आलेल्यांना पालिका भाडे-साहाय्य देणार होती. पहिल्या फेरीतलं बरंचसं साहाय्य ज्यांच्या मालकीच्या चाळी होत्या त्यांनीच नेलं. मग विद्यापीठातल्या काही संशोधकांनी खरे गरजू आणि खोटे अर्जदार यांची तुलना केली. कागदपत्रांत फरक सापडला नाही. खोट्यांचे कागद उलट जास्त टापटीप होते. फरक एवढाच होता की "मला भाडं भरता येत नाही" हे वाक्य म्हणताना खऱ्यांचे गाल तापत होते.

लाजल्यावर चेहरा लाल होतो हे कुणालाही ठाऊक असतं. गालांच्या आणि कानांच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. लाज वाटली की त्या आपोआप सैल पडतात, रक्त वर येतं, कातडी किंचित तापते. हे माणसाच्या हातात नसतं. थांबवायला जावं तर वाढतं. सावळ्या चेहऱ्यावर ते डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त प्रकाश टाकला की कातडीचा रंग मध्ये येत नाही आणि रक्त सगळ्यांचं सारखंच दिसतं. राहता राहिला राग. रागानेही चेहरा तापतो, पण रागात हाताची बोटंही गरम होतात आणि लाजेत ती गार पडतात. म्हणून यंत्राला वर एक भिंग होतं, चेहऱ्यासाठी, आणि खाली दोन पितळी पट्ट्या, बोटं टेकायला. दोन्हींचा मेळ घालून ते शून्य ते शंभर असा आकडा द्यायचं. कागदोपत्री नाव लज्जामापक. लोक त्याला लाजाळू म्हणत.

उद्घाटनाला वॉर्डाचे नगरसेवक स्टुलावर बसले तर शून्य आला. यंत्र चालू नाही असं समजून बटण बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. नगरसेवक नाराज झाले, पण कंपनीचा इंजिनियर हरखून गेला. यंत्राचा काटा रोज सकाळी जुळवावा लागतो, आणि त्यासाठी एक पक्का शून्य लागतो आणि एक पक्का साठ. इतका शुद्ध शून्य त्याने प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. तेव्हापासून नगरसेवक रोज सकाळी चहाला येत आणि पाच मिनिटं यंत्रासमोर बसत. साठसाठी कंपनीने गाल तापणारा रबरी मुखवटा दिला होता. तो खिडकीत राहिला आणि उन्हात वितळला. नवा यायचा होता. तोवर साठ अंदाजाने.

"माणसाला दोनच संधी असतात," मुजावर मॅडमनी सांगितलं. "पुढच्या वेळी घरमालकाला घेऊन या. समोर मालक असला की बऱ्याच जणांचा आकडा चढतो."

"आमच्या घरमालकीणबाई फार मायाळू आहेत, मॅडम. साथ आल्यापासून एका शब्दाने भाडं मागितलेलं नाही. उलट वर खायला पाठवतात."

"मग अवघड आहे तुमचं," मुजावर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला आत घेतलं.

*

गूळ मार्केटच्या मागे मिठारी काकूंचं दुमजली घर होतं. खाली काकू एकट्या, वर दोन खोल्यांत प्रफुल्ल आणि वैजू. सध्या एकटा प्रफुल्ल. वैजूच्या आईला किणकिण झाली म्हणून ती गडहिंग्लजला गेली आणि तिकडचा भाग बंद झाल्याने अडकली. आजारी माणसाच्या घरात फोनवर बोलायची सोय नव्हती, म्हणून दोघं मेसेजवर संसार करत होते.

संसाराचं सगळं वैजूच बघायची. प्रफुल्ल लग्नाची बिदागी तिच्या हातात ठेवायचा आणि कोट हँगरला लावायचा, तिथे त्याचा संबंध संपायचा. भाडं काकूंपर्यंत कसं पोचतं, कोण नेतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. नळाला पाणी कुठून येतं हे तरी कुठे विचारलं होतं. आता बिदागीच नव्हती. वैजूला काळजी नको म्हणून त्याने ते तिला कळवलंही नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वैजूचा मेसेज आला: "काकूंची वाटी आली का?"

"आली. श्रीखंड होतं. वेलदोडा भरपूर," प्रफुल्लने कळवलं.

"परत दे मग लगेच."

"देतो."

वाटी धुऊन तो जिन्यापर्यंत गेला आणि थांबला. रिकामी वाटी परत करायची नसते, एवढं त्यालाही कळत होतं. घरात चहापूड होती, पोहे होते, खोकल्याच्या गोळ्या होत्या. श्रीखंडाच्या बदल्यात पोहे कसे द्यायचे? काहीतरी चांगलं जमेपर्यंत वाटी त्याने फळीवर ठेवली.

पुढच्या पहिलीला वाटीऐवजी पातेली आली, मसालेभाताची. त्याच्या पुढच्या पहिलीला स्टीलचा डबा, बेसनाचे लाडू. मग पहिलीचीही वाट न बघता मधूनमधून काहीबाही येऊ लागलं. प्रफुल्लला भरून यायचं. भांडं घेताना तो जिन्यातूनच दाद द्यायचा, हळू आवाजात पण मनापासून. "काकू, भात फर्मास. मीठ मात्र किंचित कमी चालेल." एकदा तर, "कोथिंबीर वडी तुम्हीच करावी, काकू," असं म्हणाला. काकूंनी पदराला हात पुसले. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, आणि चार दिवसांनी कोथिंबीर वडी आली.

फळीवर भांड्यांची चळत वाढत होती. सगळी घासलेली, लख्ख. एक दिवस त्याने बघितलं, काकू अंगणात बसून डब्याच्या झाकणातून चहा पीत होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या काय एकेक सवयी असतात, असं त्याला वाटलं आणि ते गोडही वाटलं.

अगदी अलीकडे, एका सकाळी, सगळ्यात लहान वाटी आली. आत नुसती साखर होती. लाडू नाही, शिरा नाही, साखर.

"साखर कशाला?" प्रफुल्ल स्वतःशीच म्हणाला आणि ती चहात घालून मोकळा झाला. चहा जरा गोडच झाला.

*

राजशेखर मिठारी म्हणजे काकूंचा पुतण्या. कानटोप्यांच्या नव्या धंद्यात होता. तो जिना चढून आला आणि दारातच उभा राहून कुजबुजत दम देऊ लागला.

"ओ ढोबळे. मी आत्ता ओरडतोय असं समजा."

"समजतो," प्रफुल्लने कुजबुजून सांगितलं.

"काकू बोलत नाही म्हणून काय डोक्यावर बसाल काय? तिचं सगळं या भाड्यावर चालतं. काकांची पेन्शन नाही, काही नाही. पहिलीपर्यंत भाडं, नाहीतर खोल्या मोकळ्या. मला कानटोप्या ठेवायला गोडाऊन पाहिजे. मी भाडं देतो तिला, वेळेवर."

"काकूंनी सांगितलं असं?"

"ती कसली सांगतीय? तिला दूधवाल्याला दूध पातळ आहे म्हणता येत नाही. आता मी दार आपटून जातोय, बरं का." आणि त्याने दार बोटांनी हळूच लावून घेतलं.

मग प्रफुल्ल लागला तयारीला. शहरात एव्हाना लाजायचे क्लास निघाले होते. एका क्लासमध्ये प्रत्येकाला सासूसमोर नाचायला लावत. दुसऱ्यात दहावीच्या गुणपत्रिकेचं जाहीर वाचन असे. काहींनी गालांना बाम चोळून पाहिला, तो यंत्राने पकडला. प्रफुल्लने एका क्लासला फुकटात एक तास बसून पाहिलं. त्याला भरचौकात, लहानपणी आपण किती वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करत होतो ते सांगायला लावलं. त्याने सांगितलं. लोक हसले, त्याने आणखी दोन किस्से जोडले, आणि क्लासच्या बाईंनी त्याला पुढच्या बॅचला शिकवायला येता का असं विचारलं.

शेवटचा उपाय काकू. तो खाली गेला.

"काकू, पालिकेत याल का माझ्याबरोबर? तुम्ही नुसतं सांगायचं की ढोबळेचं भाडं थकलंय. मग पालिका तुम्हाला भाडं देईल."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी सांगायचं?"

"एकच वाक्य."

"तुझ्यासमोर?"

"हो."

काकूंनी बराच विचार केला. "चपला कुठल्या घालू?" त्यांनी विचारलं.

*

मुजावर मॅडमनी प्रफुल्लला स्टुलावर बसवलं, त्याची बोटं पट्ट्यांवर टेकवली आणि काकूंना शेजारी खुर्ची दिली.

"आजी, एवढंच म्हणायचं: या भाडेकरूने माझं भाडं थकवलं आहे. म्हणा."

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. यंत्र टिकटिकलं. पडद्यावर आकडा झरझर चढत गेला, नव्वद, चौऱ्याण्णव, शंभर, आणि दिवा लागला. मुजावर मॅडमनी मान वळवून पाहिलं तर काकूंची खुर्ची भिंगाच्या टप्प्यात आली होती.

"आजी, तुम्ही जरा बाजूला सरका. तुमची लाज नको आहे."

"असू दे की, जास्तीची आहे," प्रफुल्ल म्हणाला. मुजावर मॅडम हसल्या नाहीत. यंत्र त्याच्याकडे वळलं. तीन.

"म्हणा, आजी."

"असं तोंडावर कसं म्हणायचं, बाई? घरातलंच पोर आहे."

"पण तुम्ही कधी मागितलंच नसेल तर थकलं असं धरता येत नाही. नियम आहे."

"मागितलं की," काकू म्हणाल्या. "दर पहिलीला मागते."

प्रफुल्लने मान वळवली. "काकू? मला कधी मागितलंत?"

"वाटी पाठवत नाही का मी?"

यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता.

"हे गेले त्यानंतर पहिलं भाडं मागायला मी वर आले होते," काकू मुजावर मॅडमना सांगू लागल्या. "जिन्यात तीनदा चढले आणि उतरले. शब्द फुटेना. मग वाटीत खीर घातली आणि वैजूला दिली. ती हुशार पोर. वाटी परत आली ती पाकीट घालून. रिकामी वाटी कुणी देत नाही ना. तेव्हापासून आमचं तसंच. मी वाटी पाठवायची, ती पाकीट पाठवायची. बोलायचं कुणीच नाही. किती सोयीचं होतं."

"आणि वैजूताई गावाला गेल्या," मुजावर मॅडम अर्जावर नजर टाकत म्हणाल्या.

"हो. श्रीखंड पाठवलं, वाटी आली नाही. मला वाटलं, कमी पडलं असेल. म्हणून पातेली पाठवली. तीही नाही आली. म्हटलं, गोडाचं आवडत असेल. लाडू पाठवले." काकूंनी डोळे खाली केले. "मग हा म्हणाला मीठ कमी घाला. मला वाटलं, मीठ बरोबर झालं की देईल."

पडद्यावर बारा आला होता. मग सव्वीस.

प्रफुल्लला एकेक भांडं आठवू लागलं. पातेली आली तेव्हा तो म्हणाला होता, फर्मास. म्हणजे काकू दारात उभ्या राहून भाडं मागत होत्या आणि तो म्हणत होता, फर्मास. डबा आला तेव्हा त्याने लाडू मोजून, रोज दोन असे पुरवून खाल्ले होते. कोथिंबीर वडी तर त्याने सांगून करून घेतली होती. घरमालकिणीला, पुढच्या वेळी भाडं कसं मागा, हे त्याने पाककृतीसकट सुचवलं होतं. आणि झाकणातून चहा. झाकणातून चहा पिणं ही सवय नव्हती. कप, वाट्या, पातेली, सगळं त्याच्या फळीवर होतं, लख्ख घासून.

एकेचाळीस. बावन्न.

"मग घरात काही उरलं नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून साखर पाठवली."

कानांच्या पाळ्यांपासून गरम वाफ सुटल्यासारखी ती गोष्ट प्रफुल्लच्या गालांत शिरली. हे काय होतंय हे त्याला आधी कळलंच नाही. इतक्या वर्षांत झालं नव्हतं. बोटं बर्फासारखी झाली. चहा जरा गोडच झाला होता.

"अठ्ठावन्न," मुजावर मॅडम हलकेच म्हणाल्या. "ढोबळे, हलू नका. फक्त वर बघा."

पण काकू वर होत्या. म्हणजे शेजारीच होत्या, पण त्या क्षणी जिकडे जिकडे बघणं शक्य होतं तिकडे त्याच होत्या. प्रफुल्लने पट्ट्यांवरचे हात उचलले, तोंडावर घेतले आणि गुडघ्यांत वाकला.

यंत्राने आवाज केला. पडद्यावर अक्षरं आली: चेहरा आढळला नाही.

"ढोबळे, दोनच राहिलेत. ढोबळे."

त्याने ऐकलं. वर बघता आलं नाही. यंत्राने थोडा वेळ वाट पाहिली, मग अर्ज बंद केला.

"असंच होतं," मुजावर मॅडम खुर्चीत मागे टेकत म्हणाल्या. "खरी लाज वाटली की माणूस तोंड लपवतो. जे पास होतात त्यांना थोडी कमी वाटत असते. मी कंपनीला कळवलंय. ते म्हणाले, सूचना चांगली आहे."

*

घरी जाताना काकू रस्त्याच्या एका कडेने चालल्या आणि प्रफुल्ल दुसऱ्या. मधून एक रिक्षा गेली, हॉर्नच्या ऐवजी चालकाने हात हलवला.

दुपारी त्याने फळीवरची सगळी भांडी खाली काढली. घरात पोह्यांचा चुरा होता, तोही प्रत्येक भांड्यात चमचा चमचा पुरला नसता. शेवटी त्याने मोठ्यात मधली आणि मधल्यात लहान अशी भांडी रचली, आणि सगळ्यात वरच्या, साखरेच्या वाटीत खोलीची किल्ली ठेवली.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे ओट्यावर फोडणीचं पळं होतं, आणि त्यात भात शिजत होता.

"एवढी होती होय?" काकू म्हणाल्या. मग वाटीत बघितलं. "हे कशाला?"

"रिकामी कशी देऊ, काकू?"

काकूंनी चळत आत नेऊन ठेवली. बराच वेळ भांडी लावल्याचे बारीक आवाज येत राहिले, एकेक भांडं आपल्या जागी. मग त्या किल्ली घेऊन बाहेर आल्या. चेहरा मघाच्या शंभरसारखाच झाला होता. एका हाताने त्यांनी दाराची चौकट धरली.

"प्रफुल्ल, भाडं दे रे."

करंजपूरच्या नियमात बसेल त्याहूनही तो आवाज हळू होता. पण शब्द पुरे झाले होते. काकू स्वतःच चकित होऊन चौकटीला टेकल्या.

"म्हटलं की नाही?" त्या म्हणाल्या. "म्हटलं मी."

"म्हटलंत, काकू."

"किल्ली घेऊन मी काय करू? मला कुठे वर राहायचंय? थोडं दे, पण दे. राजाला मी थांबवते. आता येतं मला." त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. वाटी ठेवून घेतली.

संध्याकाळी त्याने वैजूला सगळं लिहिलं, लाडवांसकट. तिचं उत्तर यायला फार वेळ लागला. आलं ते एवढंच: "वडीसुद्धा?"

*

सकाळी पालिकेत जाऊन प्रफुल्ल मुजावर मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला.

"मॅडम, शून्याचं काम मला मिळेल का? पहिल्या वेळी माझे तीन आले होते. नगरसेवकांना रोज यायला जमत नसेल तर. जे काही मानधन असेल ते."

"बसा. बघू."

तो बसला, बोटं टेकवली, भिंगाकडे बघितलं.

पडद्यावर साठ आला.

मुजावर मॅडमनी चष्मा काढून पुसला. आकडा हलला नाही. "कशाचा विचार करताय?"

"कशाचा नाही. साखरेचा."

"आणि वर बघताय."

"धंदाच आहे, मॅडम. मांडव कोसळला तरी लोकांकडे बघत उभं राहायचं असतं. काल जमलं नाही, काल काकू होत्या."

"शून्याचं काम नाही मिळणार तुम्हाला," मुजावर मॅडम म्हणाल्या. प्रफुल्ल उठायला लागला. "बसा हो. साठचा मुखवटा वितळलाय, नवा काही येत नाही. गेले कित्येक महिने मी अंदाजाने साठ धरतेय. त्यात किती जण विनाकारण बाहेर गेले असतील देव जाणे. मला रोज सकाळी एक खरा साठ पाहिजे, वर बघणारा."

"म्हणजे माझा अर्ज..."

"अर्ज बंद झाला. यंत्र तुम्हाला तिसऱ्यांदा अर्जदार मानत नाही. कामगार मानेल."

अशा रीतीने प्रफुल्ल ढोबळे पालिकेच्या नोकरीला लागला. रोज सकाळी आधी नगरसेवक बसत, शून्य येई. मग प्रफुल्ल बसे, साठ येई. मधल्या वेळात दोघं एकाच किटलीतला चहा पीत.

"कसं जमतं हो तुम्हाला?" नगरसेवकांनी एकदा खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

"एका म्हातारीचं खाऊन बसलोय."

"एवढंच?" नगरसेवक म्हणाले, आणि त्यांनी किटलीतून आणखी चहा ओतून घेतला.

पहिलीला काकूंची वाटी वर आली. प्रफुल्लने ती उघडून बघितलीही नाही. मानधनाचं पाकीट दुसऱ्या वाटीत घालून खाली नेऊन दिलं आणि मगच आपली वाटी उघडली. साधा वरणभात होता. डाळ अर्धी कच्ची. तो सावकाश जेवला, आणि मिठाबद्दल काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पालिकेची पायरी चढताना मात्र तो मध्येच थबकला. भाडं दिलं होतं. मागचंही थोडं थोडं फिटत जाणार होतं. आता लाज कशाची उरली? आणि लाज उरली नाही तर साठ कुठून आणायचा, आणि साठ नसेल तर पुढच्या पहिलीला वाटीत काय घालायचं? नगरसेवकांनीही धीर दिला होता. "सवय होते हळूहळू," ते म्हणाले होते. "मलाही निवडून आलो तेव्हा थोडी वाटायची."

बाहेर रांग लागली होती. एक बाई पदर ओढून उभी होती, एक म्हातारा स्वतःच्याच चपलांकडे बघत होता. यंत्र नीट जुळलं तर त्यांच्यातल्या काहींना घर राहणार होतं.

प्रफुल्लने बोटं पट्ट्यांवर टेकवली. आधी भाड्याचा विचार केला. पडद्यावर नऊ आला. भांड्यांच्या चळतीचा विचार केला. बावीस. मुजावर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

मग त्याला काकूंचं स्वयंपाकघर दिसलं, त्या सकाळचं. सगळे डबे उघडून बघून झालेले. एका डब्याच्या तळाशी साखर. काकू ती चमच्याने खरवडून काढतायत, शेवटच्या वाटीत घालतायत. स्वतःच्या चहाला ठेवत नाहीत. वाटी कडेपर्यंत भरलेली दिसावी म्हणून हलवून सारखी करतायत. आणि वर, जिन्याच्या टोकाशी, एक माणूस म्हणतोय, साखर कशाला?

त्याचे डोळे भिंगावरून हलले नाहीत.

"साठ," मुजावर मॅडम म्हणाल्या. "यंत्र नीट आहे." आणि त्यांनी दाराकडे बघून रांगेतल्या पहिल्या बाईंना आत बोलावलं.